ई ड्राइव्ह सामाईक

हिंगोली जिल्हा जन्माला आला तोच वाटणीतून. १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्याचं पार्टिशन झालं आणि आमचा मुलूख वेगळा निघाला. आज हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके स्वतंत्रपणे नांदतात. त्यामुळे वाटणी या विषयात आमच्या माणसाला कुणी शिकवायला येऊ नये. जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारापुढं अर्ज कसा टाकायचा, मोजणी कधी आणायची, फेरफार कुठं अडतो आणि बांध रात्रीतून दोन बोटं कसा सरकतो, हे इथं शाळेची पायरी न चढलेल्यालाही तोंडपाठ असतं. आणि एवढं सगळं पाठ असलेला माणूस एक काम हटकून करतो. शेत वाटून घेतो, गोठा वाटून घेतो, चिंचेच्या झाडाच्या फांद्यासुद्धा वाटून घेतो, आणि विहीर तेवढी सामाईक ठेवतो. पुढं त्या एका विहिरीवर दोन वकिलांच्या मुलांची शिक्षणं होतात.

हीच बुद्धी आता कॉम्प्युटरच्या डिस्कवर चालायला लागली आहे.

बस स्टँडामागं एक डीटीपीचं दुकान आहे. मालकाला सगळा बाजार मामा म्हणतो, कारण दुकानात त्यांचा भाचा बसतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, ‘भावी सरपंच’ असे फ्लेक्स, सातबाऱ्याच्या प्रिंटा, पीकविम्याचे फॉर्म, असा सगळा व्यवसाय. मामांचं सगळं विंडोजवर. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्रीलिपीचे जुने फॉन्ट, एवढ्यावर त्यांनी दोन पिढ्यांची लग्नं लावून दिली. भाचा नांदेडला इंजिनिअरिंग करतो आणि सुट्टीत दुकानात असतो. त्याला लिनक्स पाहिजे. विंडोज ही वापरायची वस्तू आहे, यावर त्याचा विश्वासच नाही.

दोघांत कॉम्प्युटर एकच. मग रीतसर वाटणी झाली. सी ड्राइव्ह मामांचा. मागचा तुकडा भाच्याचा, त्यावर उबुंटू. आणि उरलेला मोठा ई ड्राइव्ह, ज्यात पत्रिका, फोटो आणि गिऱ्हाइकांचं सगळं सामान, तो दोघांत सामाईक. शेताचे बारीक तुकडे पाडायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची आडकाठी आहे, डिस्कला तो लागू नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य तुकडे चारच पडायचे. आता विंडोजमध्ये नव्या पद्धतीनं १२८ पर्यंत पाडता येतात, तेही तलाठ्याला न भेटता.

मामांना वाटलं, झगडा मिटला. झगडा तिथं सुरू झाला.

विंडोज ८ आला तो २०१२ मध्ये. त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि ती आपोआप चालूच असते. माणूस ‘शट डाउन’ दाबतो, पडदा काळा होतो, पंखा थांबतो, माणूस शटर ओढून घरी जातो. पण विंडोज पूर्ण बंद झालेला नसतो. उघडे प्रोग्रॅम तो बंद करतो खरे, पण स्वतःच्या गाभ्याची आठवण डिस्कवरच्या एका लपवलेल्या फाइलीत लिहून ठेवतो आणि सकाळी तीच वाचून पटकन उभा राहतो. त्यात आणखी एक गंमत आहे. ‘रीस्टार्ट’ म्हटलं की हाच विंडोज खरोखर पूर्ण बंद होऊन नव्यानं सुरू होतो. म्हणजे ‘बंद हो’ म्हटलं की अर्धवट बंद होतो आणि ‘परत चालू हो’ म्हटलं की पूर्ण बंद होतो. हा स्वभाव घरोघरी ओळखीचा असल्यामुळे कुणी त्याबद्दल तक्रार करत नाही.

पण त्या आठवणीत ई ड्राइव्हचाही नकाशा असतो. कोणती फाइल कुठं आहे, कुठली जागा रिकामी आहे, सगळं. रात्री भाचा लिनक्स सुरू करतो. लिनक्स त्या रिकाम्या जागेत आपलं काही लिहून ठेवतो. सकाळी विंडोज उठतो आणि ड्राइव्हकडं न बघता रात्रीच्या नकाशाप्रमाणं कामाला लागतो. त्याच्या हिशेबी ती जागा अजून रिकामीच असते, म्हणून तोही तिथंच लिहितो. सातबारा एकाच्या नावावर आणि कब्जा दुसऱ्याचा. यात विंडोज लबाड नाही आणि लिनक्सही चोर नाही. दोघंही आपापल्या कागदाप्रमाणं बरोबर आहेत. आमच्याकडच्या कोर्टात पडून असलेल्या निम्म्या दाव्यांचं मूळ हेच असावं.

लिनक्स या बाबतीत बराच सभ्य आहे, हे सांगायला पाहिजे. समोरचा नुसता झोपलेला आहे, गेलेला नाही, अशी खूण त्या ड्राइव्हवर दिसली की तो सांगतो, ‘वाचायला देतो, लिहायला देत नाही.’ इथं थांबलं तर जगात काहीच बिघडत नाही. पण झोपलेल्याची ती आठवण पुसून ड्राइव्ह जबरदस्तीनं ताब्यात घ्यायचाही एक आदेश असतो, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला आदेश माहीत असून तो न देणं जमत नाही.

त्यात लग्नसराई. तुळशीचं लग्न लागलं की मामांचा दिवस संपतच नाही. रात्री थकून गेले की ते पेजमेकर बंदही करत नाहीत, सरळ ‘हायबरनेट’ दाबतात. सकाळी पत्रिका आहे तशी उघडी मिळते, अर्धवट ओळ जिथं थांबली होती तिथून पुढं. मी तिथं चहाला जातो, म्हणून पुढचं संभाषण जसंच्या तसं ऐकायला मिळालं.

“मामा, तुम्ही कॉम्प्युटर बंद केलाच नव्हता.”

“आरं, मी सोताच्या हातानं बटन दाबून गेलो. त्याचा लाइट बी इझला होता.”

“इझला होता, पण ते झोपलं होतं.”

“तुला कसं कळलं झोपलं होतं म्हून?”

“लिनक्सनं सांगितलं.”

“सांगितलं होतं ना? मंग झोपलेल्याच्या उशाखालचं कामून काढलंस?”

भाच्याकडं याला उत्तर नव्हतं. तोवर विंडोजनं ड्राइव्ह तपासायला घेतला होता. पडद्यावर टक्के चढत होते आणि बाकड्यावर वसमतकडचं एक कुटुंब बसलं होतं. नवरदेव, त्याचा बाप आणि आजी. आज पत्रिका छापायला जाणार होती.

तपासणी झाल्यावर विंडोजनं आपला इमानदारपणा दाखवला. ज्या तुकड्यांचा मालक सापडला नाही, ते त्यानं ‘फाउंड’ नावाच्या एका फोल्डरात नेऊन टाकले. नाव नाही, गाव नाही, नुसते अनुक्रमांक. मामा एकेक उघडून बघायला लागले. पहिलं उघडलं, तर ते कुणाच्या तरी दशक्रिया विधीचं निमंत्रण. आजीनं पदर तोंडाला लावला. दुसरं उघडलं, तो वाढदिवसाचा बॅनर, त्यात नेत्याचा चष्मा आणि मिशा व्यवस्थित होत्या, बाकी सगळी राखाडी पट्टी. तिसरं परत दशक्रिया. तेव्हा नवरदेवाचा बाप उठला आणि म्हणाला, “मामा, आम्ही जरा मिठाईचं बघून येतो. तवर तुम्ही शुभ काय निघतंय ते बघून ठेवा.”

पत्रिका शेवटी पहिल्या ओळीपासून नव्यानं लागली. नवरीकडचे मामा दोनदा विचारून घ्यावे लागले.

घड्याळाचं तर वेगळंच रामायण. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात बारक्या सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज समजतो, यात आपली इथली वेळ लावलेली आहे. लिनक्स समजतो, यात ग्रिनिचची वेळ आहे, आपली वेळ हिशेब करून काढायची. भारताची वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. रात्री लिनक्सनं घड्याळ ग्रिनिचला लावून ठेवलं की सकाळी साडेदहाला उघडलेल्या दुकानात विंडोज पहाटेचे पाच दाखवतो. मग इंटरनेट मिळाल्यावर विंडोज घड्याळ नीट करतो, आणि संध्याकाळी भाचा बसला की लिनक्स साडेपाच तास पुढं पळालेला असतो. दोघंही एकमेकांची चूक सुधारत राहतात. ज्या तालुक्यात गोरज मुहूर्त दहा मिनिटं हुकला तरी वरमाय रुसते, तिथं हे यंत्र गोरज मुहूर्त दुपारी एकला लावून मोकळं होतं.

गोरज मुहूर्त तरी गुरुजी सांभाळतात. पीकविम्याचा फॉर्म कोण सांभाळणार? शेवटच्या दिवशी रात्री दुकानात ही गर्दी. मुदत रात्री बारापर्यंत. बारा वाजत आलेले, इंटरनेट गेलेलं, आणि मामा पडद्यावरचे साडेसहा बघून रांगेला धीर देत होते, “आरं, दम धरा, लई टाइम हाय.” रांगेतल्या एकानं मोबाइल काढून दाखवला तेव्हा मामांनी आधी मोबाइलवर संशय घेतला. लिनक्सला ‘बाबा, इथलीच वेळ धर’ असं एका ओळीत समजावता येतं, हे त्या रात्रीनंतर भाच्याला आठवलं.

याच जिल्ह्यात घड्याळाच्या बाबतीत फार काटेकोर असं काम उभं राहतंय, म्हणून हे जास्त लागतं. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यात प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याहून लहान हालचाल मोजायची. एवढा बारीक हिस्सा आमच्याकडच्या मोजणीवाल्यालाही कधी काढता आलेला नाही. अमेरिकेत असल्या दोन वेधशाळा आहेत, लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड. तिथल्या गावांच्या भिंतीवरच्या घड्याळांत दोन तासांचा फरक. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर सापडली, ती लिव्हिंग्स्टनला आधी पोचली आणि साधारण ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. तिथं एक यंत्र इथली वेळ आणि दुसरं ग्रिनिचची वेळ धरून बसलं असतं, तर लहर आधी आली की नंतर यावरच दोन तट पडले असते. म्हणून सगळ्यांनी जीपीएसची एकच वेळ धरायची, असं ठरलेलं.

आणि त्यांची सामाईक ठेवायची पद्धतही बघण्यासारखी आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत ‘सारथी’ नावाचा मोठा संगणक-समूह या कामाला आहे. तिकडचं मोजमाप इकडं येतं, हजारो लोक त्यावर डोकं चालवतात. पण जे यंत्र मोजतं तेच लिहितं, बाकीच्यांना नकला मिळतात. नकलेवर काय पाहिजे ते करा, मुळाला हात लावायचा नाही. आमच्या तहसीलमध्ये नकलेचा अर्ज मिळतो, तोही याच शहाणपणातून निघाला असणार. फक्त तिथं नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून लोक मुळालाच हात घालतात.

आता नावांचं बघा. लिनक्सला फाइलीचं नाव जवळजवळ काय पाहिजे ते चालतं. भाच्यानं एका फाइलीला नाव दिलं, ‘हळदीचे पैसे आले का?’ प्रश्न रास्त होता. पण विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. विसर्ग चालतो, पण त्याच्यासारखाच दिसणारा इंग्रजी कोलन चालत नाही. मामांना ती फाइल दिसायची, पण उघडायची नाही, पुसायची नाही, हलायची नाही. वसमतच्या बाजारात विचारलं तरी या प्रश्नाचं हेच होतं. इंग्रजी नावांत तर आणखी घोळ. कॅपिटल एचची हळद आणि स्मॉल एचची हळद लिनक्सच्या लेखी दोन वेगळ्या फाइली, विंडोजच्या लेखी एकच. दोन्ही एका फोल्डरात ठेवल्या तर विंडोज दोन नावं दाखवतो आणि कुठंही क्लिक केलं तरी बहुधा एकच उघडतो. देवनागरीत नाव दिलं तर ही भानगड उरत नाही, मराठीच्या अभिमानाला एवढा तांत्रिक आधार पहिल्यांदाच मिळाला.

विंडोजची खरी भीती मात्र त्याच्या नम्रपणाची आहे. लिनक्सची आपली एक पद्धत असते, ईएक्सटी-४ नावाची. ती विंडोजला वाचता येत नाही. असा तुकडा समोर आला की विंडोज ‘मला हे वाचता येत नाही’ असं म्हणत नाही. तो कधीकधी अदबीनं विचारतो, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करू का?’ निजामाच्या काळातलं दप्तर उर्दूत आणि मोडीत आहे, म्हणून कुणी तहसीलला ते कोरं करून देऊ का, असं विचारलेलं नाही. इथं विचारतात, आणि ‘हो’चं बटन मोठं, उजळ आणि बोटाजवळ असतं.

शिवाय वहिवाटीचा रस्ता. हल्लीच्या मशिनीत दोन्ही यंत्रणांना सुरू व्हायला एकाच बारक्या ईएफआय पार्टिशनवरून जावं लागतं. विंडोज नव्यानं टाकला की तो पहिला मान स्वतःकडं घेतो आणि लिनक्स आत असूनही दिसेनासा होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभर दोन यंत्रणांच्या कित्येक मशिनींवर लिनक्स उठेना. पडद्यावर इंग्रजीत एवढंच, की काहीतरी फार गंभीर बिघडलं आहे. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणं ते अपडेट दोन यंत्रणांच्या मशिनींना लागूच व्हायचं नव्हतं. रस्ता अडवणारा आमच्याकडंही नेहमी हेच म्हणतो, की मी अडवलाच नाही, काटे आपोआप पडले.

मग विंडोज सोडून दोन्ही लिनक्सच टाकले तर? भाच्यानं तेही करून बघितलं. एक उबुंटू, एक फेडोरा, आणि ‘होम’ नावाचं घर दोघांना एकच. पण सख्ख्या भावांचं घर सामाईक असलं की काय होतं ते लिनक्सलाही चुकलं नाही. नव्या आवृत्तीनं आपल्या सोयीनं सेटिंग बदलल्या, जुनीला त्या समजेनात, आणि एकाच पडद्यावर रोज वेगळीच मांडणी. स्वॅप नावाचा तुकडा सामाईक ठेवला तर आणखी मजा. एक जण आपली सगळी आठवण तिथं ठेवून झोपतो. दुसरा उठतो, जागा मोकळी आहे असं समजून तीच वापरतो. पहिला उठतो तेव्हा तो कोण हे त्याला कुणी सांगू शकत नाही.

आता उपाय. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करायचं. निदान शिफ्ट दाबून शट डाउन करायचं, म्हणजे तो खरंच बंद होतो. दुसऱ्याच्या घरचा तुकडा वाचायला घ्यायचा, लिहायला नाही. सामाईक ठेवायचंच असेल तर एक्सफॅटसारख्या दोघांना कळणाऱ्या पद्धतीचा वेगळा तुकडा करायचा, पण त्यात अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद राहत नाही, म्हणून लिहिता लिहिता लाइट गेली तर नुकसान होऊ शकतं. आणि आमच्याकडं लाइट कधी जाते, हे सांगायला कुठलीच वेधशाळा पुरी पडणार नाही. जुना फॅट-३२ तर ४ जीबीच्या वरची फाइल घेतच नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ हळदीपर्यंतच. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे दोघांना दोन डिस्का, आणि महत्त्वाच्या सामानाची तिसरीकडं नक्कल.

मामांनी दुसरी डिस्क घेतली, पण भाच्याचा लिनक्स काढू दिला नाही. कारण मध्ये एक चमत्कार झाला. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमध्ये एक व्हायरस फिरतो. सगळे फोल्डर लपतात आणि त्या जागी नुसते शॉर्टकट राहतात. विंडोजला ते लपलेले फोल्डर दिसत नाहीत आणि शॉर्टकट उघडला की व्हायरस दुकानात शिरतो. लिनक्सला मात्र विंडोजनं लपवलेलं लपलेलं वाटतच नाही. त्याला सगळं उघड दिसतं आणि तो व्हायरस तिथं चालतही नाही. बाजारात बातमी पसरली की स्टँडामागं पेनड्राइव्हमधलं गेलेलं परत मिळतं. आता मामा पेनड्राइव्ह हातात घेतात आणि मोठ्यानं सांगतात, “भाच्याच्या बाजूनं लाव.” एका पेनड्राइव्हचे वीस रुपये.

त्या वीस रुपयांवरून सध्या बोलणी चालू आहेत. मामा म्हणतात, दुकान माझं, लाइट बिल माझं. भाचा म्हणतो, लिनक्स माझा. मध्यस्थीला मला बसवलंय. मी दोघांनाही एवढंच सांगितलंय, की निकाल लागेपर्यंत पैसे एका गल्ल्यात टाकू नका.